मुका रेडिओ आणि चार सेलांचा डबा

शेजारच्या आजींनी रेडिओ आणून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्याचा निकाल आधीच लागलेला होता. एका दुरुस्तीवाल्याने त्यांना सांगितलं होतं, "आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेत. ते आता मिळत नाहीत. भंगारात द्या." आजींना ते पटलं नव्हतं. "ह्यांनी पहिल्या बोनसमधून घेतलेला आहे रे. बघ, जमतंय का. नाहीच जमलं तर तसाच ठेवीन, पण भंगारात नाही देणार."

रेडिओ दोन बँडचा होता, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह. चार मोठ्या सेलांवर, म्हणजे सहा व्होल्टवर चालणारा. चामड्याचं कव्हर उसवलेलं, पण डायलची काच शाबूत. कव्हराच्या मागच्या कप्प्यात पूर्वी पोस्टातून मिळायचं ते रेडिओ लायसन्सचं पुस्तकही जपून ठेवलेलं. आजींची मागणी साधी होती. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आकाशवाणी पुण्याच्या मराठी बातम्या त्यांना स्वतःच्या हाताने लावून ऐकायच्या होत्या. नातू मोबाइलवर लावून देतो, पण तो शाळेत गेला की फोन उघडून तिथवर पोचणं त्यांना जमत नाही. बटण पिरगाळलं की बोलायला लागतं, असं यंत्र त्यांना हवं होतं.

पुढे जे झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण हा रेडिओ उघडताना सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मी हौसेने बनवलेल्या एका लहानशा अँप्लिफायरचा. गाणी मोठ्याने ऐकण्यासाठी तो फारसा कामाचा नाही. पण जिथे आवाज असेल अशी शंका आहे तिथे नेऊन कान लावायला त्याच्याइतकी सोयीची वस्तू माझ्या टेबलावर दुसरी नाही.

आधी त्या अँप्लिफायरच्या डब्याविषयी. आत एलएम३८६ ही आठ पायांची आयसी, म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेलं सर्किट, आहे. नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीची ही रचना. ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, पण आयसी अजून बनते आणि आपल्याकडे पुण्यात तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सहज मिळते. तिला बाहेरून फार काही लागत नाही. स्पीकरच्या वाटेत २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, आउटपुटवर १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी, इनपुटला १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल, आणि झालं. काही न जोडता ती आवाज वीसपट करते. पाय १ आणि ८ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला की दोनशेपट. तो कंडेन्सर मी एका स्विचवर घेतला आहे, म्हणजे गरजेप्रमाणे हलका कान आणि तिखट कान. सहा व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला साधारण एक तृतीयांश वॅट मिळतो. एका खोलीला तेवढा पुरतो.

सुरुवातीला मी नऊ व्होल्टचा चौकोनी सेल वापरला होता. तो जरा उतरला की डबा स्वतःच भकभकायला लागायचा. आता चार पेन्सिल सेल आहेत, आणि सप्लायवर आयसीच्या अगदी जवळ २२० मायक्रोफॅरडचा आणखी एक कंडेन्सर आहे. नुसता चालू राहिला तर डबा चारेक मिलिअँपियरच खातो, त्यामुळे कामापुरता चालू केला तर सेल महिनोन्महिने टिकतात. ही भकभक लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

रेडिओत नवे सेल घालून बटण पिरगाळलं. स्पीकरमधून बारीकसा 'टक' आला आणि मग काहीच नाही. माझ्या दृष्टीने तो टक मोठा साक्षीदार होता. स्पीकर जिवंत आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटलेली नाही, आणि शेवटच्या टप्प्यातून करंट वाहतो आहे, एवढं तरी तो सांगत होता. मीटर लावला तर एकूण करंट ११ मिलिअँपियर. शेवटच्या दोन एसी१२८ ट्रान्झिस्टरांच्या बेस आणि एमिटरमध्ये ०.१५ व्होल्टच्या आसपास. जर्मेनियम ट्रान्झिस्टर शांत बसलेला असताना एवढंच अपेक्षित असतं. म्हणजे 'गेलेले' म्हणून सांगितलेले ट्रान्झिस्टर बहुधा ठीक होते. त्यांच्या मागच्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरचे आणि त्याच्याही मागच्या टप्प्यांचे व्होल्टेजही जागच्या जागी. मीटरच्या हिशेबाने रेडिओला काही झालेलंच नव्हतं.

इथेच बरेच जण अडतात, आणि त्या दुरुस्तीवाल्यालाही मी फार दोष देणार नाही. असा लावलेला मीटर फक्त स्थिर व्होल्टेज दाखवतो. आवाज म्हणजे त्या स्थिर व्होल्टेजवर स्वार झालेली हालचाल. ती हालचाल एका टप्प्यातून दुसऱ्यात नेणारा कंडेन्सर आतून तुटला, तर दोन्ही बाजूंचे स्थिर व्होल्टेज जसेच्या तसे राहतात आणि रस्ता मात्र बंद होतो. मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. कान मात्र ते एका क्षणात पकडतो.

म्हणून डबा काढला. त्याच्या इनपुटला शिल्डेड वायर, म्हणजे बाहेरून तारेची जाळी असलेली, आणि वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे हवं तिथे टेकवायचं टोक. प्रोबमध्ये ४०० व्होल्टचा ०.१ मायक्रोफॅरड कंडेन्सर, म्हणजे रेडिओतला स्थिर व्होल्टेज माझ्या डब्यात शिरत नाही. दुसरी वायर क्रोकोडाइल क्लिपची, ती रेडिओच्या चॅसिसला, म्हणजे सगळ्या सर्किटच्या कॉमन बाजूला. या रेडिओत चॅसिसला सेलांची पॉझिटिव्ह बाजू आहे. पीएनपी जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असलेल्या जुन्या सेटमध्ये ते सर्रास असायचं. माझ्या डब्यात निगेटिव्ह कॉमन आहे. तरी दोन्ही कॉमन बिनधास्त जोडता आले, कारण डब्याचे सेल त्याचे स्वतःचे, रेडिओशी त्यांचा काही संबंध नाही. दोन्ही यंत्रं एकाच अडॅप्टरवर असती तर तिथेच शॉर्ट झालं असतं. अँप्लिफायर 'पोर्टेबल' असण्याचा खरा फायदा मला त्या दिवशी नीट कळला. तो पिशवीत घालून नेता येतो हे आहेच, पण तो कुणाच्याही सप्लायशी बांधलेला नाही हे जास्त मोलाचं.

पहिलाच अनुभव मात्र फसवा होता. प्रोब व्हॉल्यूम कंट्रोलला लावला आणि आकाशवाणी पुणे स्वच्छ ऐकू आलं. आनंदाने पुढच्या टप्प्यावर गेलो, तिथेही आलं. त्याच्या पुढे, स्पीकरच्या तारेवरही आलं. मग शंका आली म्हणून रेडिओचं बटण बंद केलं. कार्यक्रम चालूच! पुण्याचं केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर १०० किलोवॅटने बोलतं. माझी वायरच एरियल झाली होती, आणि दोनशेपटवर ठेवलेली आयसी स्वतःच त्या लहरींतून आवाज वेगळा काढत होती. डबा माझ्याशी खोटं बोलत नव्हता, पण रेडिओविषयीही काही सांगत नव्हता. उपाय जुनाच: इनपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि त्याच्या पुढे १ नॅनोफॅरडचा कंडेन्सर ग्राउंडला, दोन्ही आयसीच्या पायाजवळ. रेडिओ लहरी तिथेच उतरून जातात आणि बोलण्याच्या आवाजाला धक्काही लागत नाही. शिवाय शिल्डची जाळी एका टोकाला सुटली होती, ती पुन्हा सोल्डर केली. त्यानंतर रेडिओ बंद असताना डबा गप्प बसला. हा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं: यंत्र बंद असताना कानाला काय ऐकू येतं?

आता खरी तपासणी. मी नेहमी मधून सुरुवात करतो. रेडिओचा अर्धा रस्ता म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल. त्याच्या आधी केंद्र पकडून त्यातला आवाज वेगळा काढणारे भाग: एरियल, गँग, आयएफटी आणि डायोड. त्याच्या नंतर आवाज मोठा करणारे टप्पे. व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला प्रोब लावला, डायल हळूच फिरवला. खरखर, मग शीळ, मग एक बाई शेतीविषयी बोलताना ऐकू आली. डायल हलवला की आवाज जायचा, परत आणला की यायचा. म्हणजे हे बोलणं रेडिओनेच पकडलेलं होतं. अर्धा रेडिओ निर्दोष सुटला.

मधल्या पायावर, म्हणजे वायपरवर, तोच आवाज, थोडा खरखरीत. त्याच्या पुढे १० मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आवाज पुढच्या टप्प्यात नेणारा. अलीकडच्या पायावर बाई बोलत होत्या, पलीकडच्या पायावर शांतता. दोन पायांत एका बोटाचं अंतर. त्या अलीकडच्या-पलीकडच्या फरकाने मला दरवेळी तितकाच आनंद होतो. बोट लावून किंवा स्क्रू-ड्रायव्हरने टकटक करून टप्पा ओळखायची जुनी युक्ती आहेच, आणि मीही ती वापरतो. पण तिने कुठे टक झाला एवढंच कळतं. इथे माणसाचं बोलणं एका जागी जिवंत आणि दुसऱ्या जागी मेलेलं ऐकू येतं. शंकेला जागा उरत नाही.

दुसरा १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर नुसता हाताने समांतर टेकवला आणि रेडिओ बोलला. आजी दारात उभ्या होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत, आत येऊन स्टुलावर बसल्या.

असे कंडेन्सर का मरतात हे सांगण्यासारखं आहे. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवाने ओला केलेला कागद असतो. तोंडाशी रबराचं बूच. दशकानुदशकं त्या बुचातून ओल निसटत जाते, कागद वाळतो आणि शेवटी कंडेन्सर नावापुरता उरतो. ट्रान्झिस्टर पन्नास वर्षं बिनतक्रार काम करतो आणि त्याच्या शेजारचं हे स्वस्त नळकांडं दगा देतं. जुन्या सेटवर 'ट्रान्झिस्टर गेला' असा शिक्का मारण्याआधी हे तपासायला पाहिजे. नवा कंडेन्सर लावताना पॉझिटिव्ह पाय व्हॉल्यूम कंट्रोलकडे ठेवला, कारण पीएनपी सेटमध्ये ट्रान्झिस्टरचा बेस चॅसिसच्या मानाने निगेटिव्ह असतो. सवयीने उलटा लावला असता तर थोड्या दिवसांत तोही गेला असता.

काम झालं असं वाटून रेडिओ आजींना दिला. तिसऱ्या दिवशी तो परत आला. "आवाज वाढवला की भकभक करतो," आजी म्हणाल्या, "शेतावरच्या इंजिनासारखा. मी तुला तेव्हाच म्हणाले होते, बंद पडायच्या आधी असाच करायचा. नवे सेल घातले की दोन दिवस बरा."

म्हणाल्या होत्या खऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या आणि मी ते ऐकून सोडून दिलं होतं. त्यांच्या या एका वाक्यात दुसरा दोष पूर्णपणे सांगितलेला होता, आणि तो लिहून ठेवला असता तर त्यांची एक खेप वाचली असती. आता मी कुठलाही सेट उघडण्याआधी माणसाचं बोलणं वहीत उतरवून घेतो.

यावेळी प्रोब वेगळ्याच जागी लावला: सेलांच्या निगेटिव्ह तारेवर, म्हणजे रेडिओच्या सप्लायवर. तिथे काहीही ऐकू यायला नको. सप्लायची तार आवाजाच्या दृष्टीने मुकी हवी. पण तिथे पूर्ण कार्यक्रम ऐकू येत होता, तबल्यासकट. शेवटचा टप्पा जोराने करंट ओढतो, सेलांचा अंतर्गत रोध त्याला अडवतो, म्हणून सप्लायच गाण्याच्या तालावर हलतो. तो हलणारा सप्लाय मागच्या टप्प्यांनाही मिळतो, तिथून परत पुढे, आणि चक्र सुरू होतं. तीच भकभक. ही हालचाल पिऊन टाकायला १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, आणि तोही पहिल्यासारखाच वाळला होता. सेल नवे असताना त्यांचा रोध कमी म्हणून दोन दिवस निभावून जायचं. दोष मात्र सेलांचा नव्हता. माझ्या डब्याला नऊ व्होल्टच्या सेलावर झालेला आजार हाच.

कंडेन्सर बदलला, प्रोब पुन्हा सप्लायवर ठेवला. शांतता. ही शांतता ऐकण्यासाठी डबा दोनशेपटवर ठेवला होता आणि तरीही फक्त आयसीची स्वतःची बारीक सळसळ येत होती. व्हॉल्यूम कंट्रोलची खरखर क्लीनरच्या दोन थेंबांनी गेली.

रेडिओ एक आठवडा माझ्याकडे चाचणीला राहिला, आणि त्या आठवड्यात आजींचा आठवीतला नातू रोज संध्याकाळी यायचा. त्याला रेडिओपेक्षा डब्यातच जास्त रस. "काका, हा अजून कुठे लावता येतो?" मी त्याला बागेतल्या बंद पडलेल्या दिव्याचा सोलर सेल दिला आणि तो इनपुटला जोडून दिला. खिडकीतल्या उन्हात धरला तर गप्प. स्वस्तातल्या एलईडी बल्बखाली धरला तर मोठ्याने गुणगुणला, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर असे बल्ब सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि डोळ्याला ते दिसत नाही. सेलवरच्या टॉर्चखाली पुन्हा गप्प. पंख्याच्या पात्यांमधून येणाऱ्या उजेडात ती गुणगुण फडफडायला लागली. मग त्याने टीव्हीचा रिमोट सोलर सेलसमोर धरला आणि बटण दाबून ठेवलं, तर टर्र टर्र असे ठोके आले, सेकंदाला नऊ-दहा. बऱ्याच रिमोटचा मूळ ठेका ३८ किलोहर्ट्झचा, तो कानाच्या पलीकडचा. ऐकू येतात ते संदेशाचे तुकडे. घरात दोन बल्ब चांगल्या प्रतीचे आणि तीन वाईट, हे त्याने एका संध्याकाळी कानाने ठरवलं. अभ्यासाच्या टेबलावरचा बल्ब दुसऱ्याच दिवशी बदलून घेतला.

जुन्या रिलेची गुंडाळी जोडली तर भिंतीतून करंट वाहणारी वायर भुणभुणते. गीझर चालू ठेवून त्याची वायर कुठून जाते हे आम्ही खडूने भिंतीवर उतरवलं. इथे सावध राहायला हवं: ही गुंडाळी करंट ऐकते. जिच्यातून काही वाहत नाही अशी तार गप्प राहते, पण तिच्यात वीज असू शकते. आवाज आला तर भोक पाडू नका. आवाज आला नाही म्हणून बिनधास्त पाडा, असं मात्र नाही.

घरच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा ठरला तो पिझोचा चकतीसारखा बझर. तो पाइपवर चिकटपट्टीने दाबून बसवला की पाण्याचा आवाज येतो. रात्री सगळे नळ बंद असताना आजींच्या संडासाच्या फ्लशच्या पाइपवर बारीक 'स्स' ऐकू आला. टाकीतला व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता आणि पाणी चोवीस तास झिरपत होतं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. पिझोला खरं तर जास्त इनपुट रोध लागतो. माझ्या १० किलोओहमवर त्याचा खर्ज निघून जातो. गळतीचा आवाज तीक्ष्ण असतो म्हणून इथे चाललं. एकतारी किंवा तानपुऱ्याला लावायचा असेल तर मधे एक फेट, म्हणजे जास्त इनपुट रोधाचा ट्रान्झिस्टर, हवाच.

एका ठिकाणी मात्र डबा कमी पडला. आजींनी विचारलं, भजनी मंडळात माइक लावून चालेल का? इलेक्ट्रेट माइकला रेझिस्टरमधून व्होल्टेज देऊन जोडला आणि नेला. वीसेक बायका, टाळ, मृदंग. एक तृतीयांश वॅट त्यात बुडून गेला, आणि वाढवला तर शीळ, कारण माइक आणि स्पीकर एकाच खोलीत हातभर अंतरावर. माइक तोंडाशी आणि स्पीकर माइकच्या पाठीमागे वळवल्यावर शीळ थांबली, पण आवाज पुरला नाही. तिथे पाच-दहा वॅटचा, रिचार्ज होणारा तयार संचच घ्यावा. मी आजींना तसं सांगितलं.

आणि एक गोष्ट कुणी विचारलं नाही तरी सांगतो. हा प्रोब फक्त सेलवर चालणाऱ्या यंत्रांना लावायचा. ट्रान्सफॉर्मर नसलेले जुने व्हॉल्व्ह रेडिओ असतात, त्यांचं चॅसिसच थेट मेन्सला जोडलेलं असू शकतं. क्लिप तिथे लागली तर डब्याच्या प्रत्येक खिळ्यात मेन्सची वीज येईल. टीव्ही, चार्जर, एलईडी बल्बचे आतले भाग, हे सगळं त्याच यादीत. नातवाला मी हे डब्याच्या झाकणावर लिहायला लावलं, त्याच्याच अक्षरात.

रेडिओ बंद करताना मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर तारीख, बदललेले दोन कंडेन्सर, १० आणि १०० मायक्रोफॅरड, कुठला पाय कुठे, शांत असताना करंट ११ मिलिअँपियर, आणि मोठ्या अक्षरात: पॉझिटिव्ह चॅसिसला आहे. पुढच्या वेळी हा कोण उघडेल ते माहीत नाही, पण त्याला शून्यापासून शोधावं लागू नये. आजींनी तो कागद चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "तबल्यासकट ऐकू येत होतं म्हणालास, ते लिहिलं नाहीस?" मग तेही खाली लिहिलं: भकभक झाल्यास आधी सप्लायवर कान लावा.